गाव नाही, चर्च आहे

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात विनेशीक नावाची काउंटी आहे. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी, सुमारे 690 चौरस मैलांची. डेकोरा हे तिचं मुख्य ठिकाण. तिथून कुठल्याही दिशेला बाहेर पडा, खडीचा रस्ता मका-सोयाबीनच्या शेतांतून चढत-उतरत जातो, आणि काही मैलांवर एका टेकाडावर चर्च दिसतं. कुठं पांढरं लाकडी, कुठं पिवळसर चुनखडीच्या दगडाचं. टोकदार मनोरा, शेजारी दफनभूमी, गाड्या लावायला थोडी मोकळी जागा. बस, एवढंच. ना दुकान, ना शाळा, ना घरांची ओळ.

आपल्या डोळ्यांना हे खटकतं. आपल्याकडे आधी गाव, मग गावाचं देऊळ. रानात एकटं देऊळ असलंच तर ते म्हसोबाचं नाहीतर एखाद्या डोंगरावरच्या देवीचं, आणि तिथं जत्रेपुरती गर्दी. इथं मात्र दर रविवारी भरणारं, पाळक नेमलेलं, जन्ममृत्यूच्या वह्या ठेवणारं चर्च असं उघड्यावर का?

याचं उत्तर धर्मात नाही, जमिनीच्या मोजणीत आहे. अमेरिकी सरकारनं पश्चिमेकडची जमीन विकायला काढली ती चौकोन पाडून. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक टाउनशिप. त्यात एकेक मैलाचे 36 चौकोन. प्रत्येक चौकोन 640 एकरांचा. एकराला सव्वा डॉलर सरकारी भाव. शेतकऱ्यानं आपला तुकडा घ्यायचा आणि त्यावरच घर बांधायचं. म्हणजे गावठाण नाही, वेस नाही, पार नाही, चावडी नाही. प्रत्येक कुटुंब आपापल्या दीडशे एकरांत एकटं. नॉर्वेच्या खोऱ्यांतून किंवा बोहेमियाच्या खेड्यांतून आलेल्या माणसांना ही रचना सर्वस्वी अनोळखी होती. मग गावाची जी कामं असतात, म्हणजे भेटीगाठी, सोयरिकी, बातम्या, उसनवारी, भांडणं आणि शेवटी खांदा देणं, ती सगळी कामं चर्चनं उचलली. चर्च हेच गाव झालं.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हे आधी सांगायला हवं. विस्कॉन्सिनमधून हलवलेल्या हो-चंक या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांना सरकारनं 1840 मध्ये टर्की नदीच्या काठी आणून बसवलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला फोर्ट ॲटकिन्सन हा किल्ला बांधला. त्यांच्यासाठी डेव्हिड लावरी या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शाळा होती. जोसेफ क्रेतॅं नावाचा फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूही त्यांच्यात काम करत होता. या भागातलं ख्रिस्ती धर्माचं पहिलं काम ते हेच. 1848 मध्ये हो-चंकांना पुन्हा उठवून मिनेसोटात पाठवलं, पुढच्या वर्षी किल्लाही ओस पडला, आणि त्यानंतर दोन वर्षांत नॉर्वेजियन बैलगाड्या येऊन थडकल्या. काउंटीला नाव मिळालं विनेशीक या हो-चंक प्रमुखाचं. डेकोरा हेही हो-चंक प्रमुखाच्या घराण्याचं नाव. माणसं घालवली, नावं ठेवून घेतली.

नॉर्वेजियन आले ते 1850 च्या आसपास, मुख्यतः डेकोराच्या आग्नेयेला, वॉशिंग्टन प्रेअरी म्हणतात त्या माळावर. जमीन मिळाली, पण पाळक नव्हता. नॉर्वेत लुथरन चर्च हे राज्याचं चर्च. पाळक सरकार नेमी. इथं त्यांना पहिल्यांदाच स्वतः वर्गणी काढून पाळक मागवायचा होता. त्यांनी मागणी धाडली आणि 1853 च्या नाताळच्या तोंडावर उलरिक विल्हेल्म कोरेन हा तरुण पाळक बायकोसह येऊन पोचला. मिसिसिपीच्या पश्चिमेला राहायला आलेला तो पहिला नॉर्वेजियन लुथरन पाळक.

त्याची बायको एलिझाबेथ एकवीस वर्षांची होती आणि रोजनिशी लिहायची. या चर्चांचा इतिहास मला सगळ्यात जवळून दिसतो तो तिच्या नोंदींमधून. पाळकाचं घर अजून बांधायचंच होतं, म्हणून नवराबायकोला एगे नावाच्या शेतकऱ्याच्या ओंडक्यांच्या घरात जागा मिळाली. घर म्हणजे एक खोली, सुमारे 14 फूट बाय 16 फूट, वर माळा. त्यात एगे नवराबायको, त्यांची दोन मुलं आणि हे दोघं. मध्ये कापडाचा पडदा. बाहेर आयोवाचा हिवाळा. कोरेन एका वस्तीवरून दुसरीवर उपासनेला गेला की दिवस-दिवस परतायचा नाही; एलिझाबेथ पडद्याच्या आपल्या बाजूला बसून वाचायची, विणायची, वाट बघायची. जेवायला खारवलेलं डुकराचं मांस. परत खारवलेलं डुकराचं मांस. शहरात, शिकलेल्या घरात वाढलेली ही मुलगी तक्रार करते तीही हसतहसत. माझ्या मते तिच्या रोजनिशीचं मोल त्यातच आहे. पाळकांच्या चरित्रांत जो निग्रह आणि जी तळमळ ओसंडून वाहते, तिच्यामागे कुणाचा तरी असा पडद्याआडचा हिवाळा होता, हे ती न सांगता सांगून जाते. ते एगेंचं घर आज डेकोराच्या वेस्टरहाइम संग्रहालयात उभं आहे. आत वाकून पाहिलं की सहा माणसं तिथं झोपत कशी असतील, हाच पहिला प्रश्न पडतो.

चर्चची इमारत व्हायच्या आधी चर्च होतं ते असं. ज्याच्या घरात जास्त माणसं मावतील त्याच्याकडे उपासना. टेबलावर चादर टाकली की झाली वेदी. एका फेरीत पाळकानं सगळं उरकायचं. साठलेले बाप्तिस्मे, खोळंबलेली लग्नं, आणि आधीच पुरलेल्या माणसाच्या मातीवर म्हणायची राहिलेली प्रार्थना.

इमारती उभ्या राहायला लागल्या त्या गव्हाच्या पैशावर. सुरुवातीची वीसेक वर्षं इथलं नगदी पीक गहू. तो बैलगाडीनं मिसिसिपीकाठच्या मॅकग्रेगर बंदरावर न्यायचा आणि येताना सामान आणायचं. रेल्वे डेकोराला पोचली 1869 मध्ये. दगड मात्र घरचा. हा मुलूख शेवटच्या हिमयुगाच्या बर्फाखाली चिरडला गेला नाही, त्यामुळे इथं कडे, ओढे आणि उघडी चुनखडी आहे. आयोवा म्हणजे पोळपाटासारखा सपाट, ही समजूत इथं चालत नाही. मंडळीतल्या बाप्यांनी खाणीतून दगड काढायचा, घोड्यांनी ओढायचा आणि गवंड्याच्या हाताखाली राबायचं. पैसे नसलेल्यानं वर्गणी अशी अंगमेहनतीनं फेडायची. आत बाक, मध्ये लाकडं जाळायची शेगडी. बाहेर घोड्यांसाठी आडोसा, कारण उपासना लांबली तर थंडीत जनावर गारठायचं. बायका डावीकडे, बाप्ये उजवीकडे, ही नॉर्वेतली रीत बऱ्याच ठिकाणी कितीतरी वर्षं टिकली. वेदीमागचं चित्र बऱ्याचदा हर्बियोर्न गौस्टा या चित्रकाराकडून करून घेतलेलं. तो डेकोराच्या लुथर कॉलेजात शिकला, पुढे युरोपात. निसर्गचित्रं आणि शेतकऱ्यांच्या घरातले प्रसंग रंगवण्यात त्याचा खरा हात. पण पोट भरलं ते वेदीवरच्या चित्रांनी. अशी शेकडो त्यानं मध्य-पश्चिमेतल्या चर्चांना पुरवली.

एवढ्या कमी माणसांना इतकी चर्चं कशाला, हा पुढचा प्रश्न. एक कारण घोडा. थंडीत, चिखलात, लेकराबाळांसकट घोडागाडीनं जाऊन दूध काढायच्या वेळेला परत यायचं, तर चार-पाच मैलांपलीकडे जमत नाही. दुसरं कारण भांडण, आणि ते जास्त रंजक आहे.

कोरेन ज्या नॉर्वेजियन सिनॉड या संघटनेचा होता, तिला पाळक घडवायला स्वतःचं कॉलेज नव्हतं. म्हणून विद्यार्थी सेंट लुइसला, जर्मन लुथरनांच्या मिसूरी सिनॉडच्या कॉलेजात जात. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि प्रश्न आला, गुलामगिरी पाप आहे का? सिनॉडच्या पाळकांनी बायबलचा कीस काढून निवाडा दिला की गुलाम बाळगणं हे मुळात पाप नव्हे. शेतकरी खवळले. त्यांची पोरं लिंकनच्या फौजेत जात होती. पाळकांपैकी क्लाउस क्लाउसेन यानं आपली संमती मागे घेतली, बाकीचे अडून बसले. सेंट लुइसचा नाद सोडून आपलं कॉलेज काढायची घाई झाली त्यात या वादाचा हात होता. ते लुथर कॉलेज 1861 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी डेकोराला आलं.

दुसरं भांडण याहून कडू निघालं. 1880 च्या दशकात वाद पेटला तो दैवी निवडीवर. देव माणसाला तारण्यासाठी निवडतो तो केवळ स्वतःच्या कृपेनं, की त्या माणसाच्या ठायी पुढे श्रद्धा उपजणार हे आधी ओळखून? आज हा फरक कुणाला समजावताना दमछाक होते. पण आपल्याकडे द्वैत-अद्वैतावरून मठ वेगळे झाले आणि परंपरेवरून फड फुटले, तेव्हा आपण हसू नये. कोरेन कृपेच्या बाजूचा, आणि लेखणीचा तिखट. भाऊ भावाशी बोलेना झाला, इतकं ते पेटलं. 1887 च्या सुमाराला सिनॉडमधली जवळजवळ एक तृतीयांश माणसं बाहेर पडली. मध्य-पश्चिमेत कुठंकुठं एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर दोन नॉर्वेजियन लुथरन चर्चं दिसतात, त्यामागं बहुधा हा वाद असतो. एकच बायबल, एकच गीतांचं पुस्तक, दोन घंटा. 1917 मध्ये मोठे गट एकत्र आले. पण बांधलेल्या भिंती काही एका ठरावानं जवळ सरकत नाहीत. कोरेन ते बघायला नव्हता. वॉशिंग्टन प्रेअरीचा पाळक म्हणून सत्तावन्न वर्षं काढून तो 1910 मध्ये तिथंच वारला.

लुथरनांच्या या बालेकिल्ल्यात मेथडिस्टही घुसले होते. ओले पीटर पीटरसन या खलाशाला अमेरिकेत मेथडिस्ट पंथाची ओढ लागली आणि त्यानं 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला याच माळावर नॉर्वेजियन भाषेत उपदेश सुरू केला. त्याच्या अनुयायांचं 1860 च्या दशकातलं चुनखडीचं चर्च अजून उभं आहे. मनोऱ्याचा तोरा नाही, साधं, बुटकं, धान्याच्या कोठारासारखं. उत्तरेला हेस्परच्या बाजूला क्वेकर होते. त्यांना तर पाळकही नको आणि घंटाही नको.

काउंटीच्या नैर्ऋत्येला मात्र हवा बदलते. तिथं स्पिलव्हिल आहे, आणि तिथं चर्चभोवती छोटंसं गावही आहे. योसेफ स्पीलमान या जर्मनानं टर्की नदीवर गिरणी घातली म्हणून स्पीलव्हिल, त्याचं झालं स्पिलव्हिल. वस्ती मात्र चेक लोकांची. त्यांनी 1860 मध्ये बोहेमियाच्या रक्षणकर्त्या संत व्हेन्सेस्लॉसच्या नावानं दगडी चर्च बांधलं. कुत्ना होरा गावच्या सेंट बार्बरा या भव्य चर्चवरून त्याचा आराखडा बेतला, असं सांगतात. अमेरिकेत उभं असलेलं हे सर्वांत जुनं चेक कॅथलिक चर्च मानलं जातं.

त्यातला ऑर्गन 1876 चा. 1893 च्या जूनमध्ये त्या ऑर्गनवर एक परका माणूस येऊन बसला. चेक संगीतकार अन्तोनिन द्वोर्झाक. न्यूयॉर्कच्या संगीत महाविद्यालयाचा तो संचालक होता, 'न्यू वर्ल्ड' सिंफनी नुकतीच लिहून हातावेगळी केलेली. सुट्टीत मायदेशी जायचं घाटत होतं, पण त्याचा मदतनीस योसेफ कोवार्झिक स्पिलव्हिलचाच. त्याचे वडील तिथल्या चर्चच्या शाळेत मास्तर आणि गायकवृंदाचे प्रमुख. त्यानं गावाची इतकी वर्णनं केली की द्वोर्झाक बायको आणि सहा मुलांना घेऊन तिथंच आला. पहाटे उठून नदीकाठानं फिरला. न्यूयॉर्कच्या आठ महिन्यांनंतर पाखरं ऐकली. तिथून सकाळच्या मिस्सेला चर्चमध्ये. तिथं रोजच्याप्रमाणे म्हाताऱ्या बायका पुटपुटत प्रार्थना म्हणत बसलेल्या. न सांगता तो ऑर्गनपाशी गेला आणि मायदेशातलं रोजच्या ऐकण्यातलं एक भजन वाजवू लागला. बायका दचकल्या. शांत मिस्सेत कुणी वाजवत नसे. मग एकेक आवाज मिसळत गेला. पुढे सगळा उन्हाळा तो वाजवत राहिला.

आल्यानंतर तीनच दिवसांनी त्यानं एफ मेजरमधलं तंतुवाद्य-चतुष्टक लिहायला घेतलं, तीन दिवसांत खर्डा पुरा केला आणि 23 जूनला स्वच्छ प्रत संपवली. हेच ते 'अमेरिकन' चतुष्टक. त्याच्या तिसऱ्या भागात काळ्या पंखांच्या एका लाल पाखराची शीळ आहे. त्या पाखरानं फिरताना त्याला छळलं होतं. शेवटच्या भागात मध्येच चाल थांबून चर्चच्या गाण्यासारखी सावकाश होते, तिथं जाणकारांना स्पिलव्हिलचा ऑर्गन ऐकू येतो. पहिल्यांदा ते वाजवलं गेलं तेही गावातच. स्वतः द्वोर्झाक, मास्तर कोवार्झिक, त्यांची मुलगी आणि मुलगा. ऑगस्टमध्ये तो शिकागोच्या जागतिक मेळ्याला जाऊन आला; त्याच मेळ्याच्या सर्वधर्म परिषदेत महिन्याभरानं विवेकानंद बोलले.

पण द्वोर्झाकनं मित्राला लिहिलेलं एक पत्र मला या सगळ्याहून महत्त्वाचं वाटतं. त्यात तो सांगतो की इथं माणसं फार थोडी आणि मोकळं रान फार, शेतकऱ्याचा शेजारी चार-चार मैलांवर, आणि हे बघून जीव उदास होतो. तिथल्या लोकांच्या पाहुणचारानं सुखावलेला माणूस हे लिहितो आहे. बोहेमियाच्या खेड्यात, खानावळ चालवणाऱ्या खाटकाच्या घरी जन्मलेल्या त्याला गाव म्हणजे काय ते ठाऊक होतं, म्हणूनच गाव नसणंही लगेच जाणवलं.

स्पिलव्हिलच्या दफनभूमीत दगडांच्या जोडीला ओतीव लोखंडाचे क्रूस आहेत. कडांना वेलबुट्टी, अंगावर चंदेरी रंग, मध्ये नावाची पाटी. चार्ल्स अँडेरा नावाचा गावातलाच कारागीर ते करून घ्यायचा आणि कॅटलॉग छापून दूरदूरच्या चेक वस्त्यांना विकायचा. नेब्रास्काच्या माळावर एखाद्या चेक कबरीवर तसाच क्रूस दिसला, तर तो स्पिलव्हिलहून गेलेला असू शकतो.

इथून थोड्याच अंतरावर फेस्टिना. तिथलं संत अँथनीचं चॅपेल सुमारे 14 फूट बाय 20 फूट, बसायला आठ माणसं. जगातलं सर्वांत लहान चर्च म्हणून पाटी लावतात. असले दावे आणखी डझनभर ठिकाणी आहेत, तेव्हा ते सोडून देऊ. त्याची कथा मात्र थेट आपल्या ओळखीची. नेपोलियनच्या फौजेत पोरगा ओढला गेला तेव्हा आई नवस बोलली, परत आला तर देऊळ बांधीन. योहान गार्टनर नावाचा तो पोरगा रशियाच्या मोहिमेतून जिवंत परतला, उतारवयात अमेरिकेला आला, आणि नवस फेडला तो त्याच्या घरच्यांनी 1885 च्या सुमाराला, सत्तर वर्षांनी, दुसऱ्या खंडात. तो चॅपेलच्या मागंच पुरला आहे.

या चर्चांवर सगळ्यात मोठा घाव पडला तो 1918 मध्ये, आणि तो सरकारी होता. पहिल्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध वातावरण तापलेलं असताना आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी 23 मे रोजी फर्मान काढलं: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर आणि उपासनेतही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालणार नाही. इंग्रजी न समजणाऱ्यानं घरात बसून प्रार्थना करावी. रोख जर्मनवर, पण नॉर्वेजियन आणि चेक त्याच जात्यात सापडले. ज्या म्हातारीला पन्नास वर्षांत इंग्रजीची गरज पडली नव्हती, तिला आता पाळकाचं बोलणं कळेना. डिसेंबरात फर्मान मागे घेतलं. सवय मात्र मोडली ती मोडलीच. नॉर्वेजियन उपासना आधी महिन्यातून एकदा, मग सणापुरती, असं होत होत 1920 च्या दशकात इंग्रजी वरचढ झाली. 'डेकोरा-पोस्टेन' हे नॉर्वेजियन वर्तमानपत्र मात्र 1972 पर्यंत निघत राहिलं.

त्याच सुमाराला मोटार आली आणि चार मैलांचं गणित कोसळलं. मग शेतं मोठी होत गेली, घरं कमी. 1880 मध्ये काउंटीत सुमारे 24 हजार माणसं होती. 2020 मध्ये 20 हजार, आणि त्यातही बरीच डेकोरात. जिथं आठ-दहा मुलांची कुटुंबं बाक भरून टाकत, तिथं आता दोन-तीन चर्चांना मिळून एक पाळक. नऊला इथं, साडेदहाला तिथं. काही चर्चं वर्षातून एखाददुसऱ्या उपासनेपुरती उघडतात. शरद ऋतूत मात्र लुटफिस्कच्या जेवणावळी तुडुंब भरतात. क्षाराच्या पाण्यात भिजवून लुसलुशीत केलेला वाळका कॉड, वर वितळलेलं लोणी. वास घेऊन कोकणातला माणूसही दोन पावलं मागं सरेल. चर्चच्या डागडुजीचा खर्च कितीतरी वर्षं बायकांच्या मंडळांनी अशा पंगतींवर भागवला आहे.

चर्च बंद पडलं तरी दफनभूमी बंद पडत नाही. तिची वेगळी समिती असते, वेगळा निधी असतो. उन्हाळ्यात कुणीतरी गवत कापायला येतंच. रांगेनं उभे दगड वाचत गेलं की जुन्या दगडांवर दिसतं 'फ्योट' आणि 'ड्योड', म्हणजे जन्म आणि मृत्यू, खाली नॉर्वेतल्या एखाद्या शेतवाडीचं नाव. तेच आडनाव पुढच्या पिढीच्या दगडावर, पण आता 'बॉर्न' आणि 'डाइड'. काही जोडप्यांच्या दगडावर तर नवऱ्याची बाजू नॉर्वेजियनमध्ये आणि वीस वर्षांनी गेलेल्या बायकोची इंग्रजीत.